वाद उपवासाचा चाललाय, प्रश्न पारण्याचा आहे

आषाढी एकादशी तोंडावर आली की ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन संदेश हमखास फिरू लागतात. पहिला जुना आहे: उपवासाने पेशींची साफसफाई होते हे एका जपानी शास्त्रज्ञाने सिद्ध केलं, त्याला नोबेल मिळालं, आपल्या पूर्वजांना मात्र ते आधीपासून ठाऊक होतं. दुसरा अलीकडचा: उपवासाने आतड्याचा कर्करोग होतो, अमेरिकेत सिद्ध झालं. पुढचं भांडण ठरलेलं असतं. एक बाजू श्रद्धेची होते, दुसरी विज्ञानाची, आणि ज्या प्रयोगांच्या नावाने दोघे भांडतात ते प्रयोग नेमके काय होते हे कुणीच विचारत नाही. माझं म्हणणं आधीच मांडतो. ‘उपवास चांगला की वाईट’ हा प्रश्नच अर्धवट आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत आतड्याच्या अस्तराचं नूतनीकरण जोर धरतं ते उपवास सुटल्यानंतरच्या पहिल्या दिवसात. म्हणून चर्चा व्हायला हवी ती उपवास सुटतो कसा, कशाने आणि कुणाचा, याची. शिवाय आपल्याकडचे बहुतेक उपवास त्या प्रयोगांच्या अर्थाने उपवास ठरतच नाहीत.

आधी आतड्याकडे नीट पाहू. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य मऊ उंचवटे असतात. त्यांना विलाय म्हणतात. त्यांच्या पायथ्याशी सूक्ष्म खळगे असतात, क्रिप्ट. प्रत्येक क्रिप्टच्या तळाशी मोजक्या मूलपेशी, म्हणजे आपण ज्यांना स्टेम सेल म्हणतो त्या, सतत विभागत असतात. नव्या पेशी ठाणे स्टेशनातल्या सरकत्या जिन्यावरच्या माणसांसारख्या खालून वर सरकत जातात, जाता जाता अन्न शोषण्याचं किंवा श्लेष्मा तयार करण्याचं काम अंगावर घेतात आणि टोकाला पोहोचल्या की गळून पडतात. हा प्रवास तीन ते पाच दिवसांचा. म्हणजे गेल्या रविवारी जेवण पचवणारं अस्तर या रविवारी जवळपास सगळं बदललेलं असतं. शरीरातल्या इतर बहुतेक उतींना ही गती झेपणारी नाही. चार्ल्स लब्लाँ आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या रॅटवर, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरांवर, अभ्यास करून हे सततचं नूतनीकरण १९४८ मध्ये दाखवलं. त्यामागच्या मूलपेशी नेमक्या कोणत्या हे नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं. इतक्या वेगाने विभागणाऱ्या पेशींना अन्नाची चाहूल सर्वांत आधी लागावी यात नवल ते काय?

अन्न थांबलं की क्रिप्टमधलं विभाजन मंदावतं, पेशींचं वर सरकणं मंदावतं आणि उपवास लांबला तर विलाय बुटके होऊ लागतात. त्याच वेळी मूलपेशी इंधन बदलतात. साखर सोडून चरबी जाळू लागतात. अमेरिकेतल्या एमआयटीमधून २०१८ मध्ये आलेल्या संशोधनात २४ तास उपाशी ठेवलेल्या उंदरांच्या क्रिप्ट बाहेर काढून प्रयोगशाळेत वाढवल्या, तेव्हा त्यांच्यापासून सूक्ष्म आतडी जास्त संख्येने तयार झाली. म्हाताऱ्या उंदरांमध्येही हे दिसलं. उपवासाच्या समर्थकांच्या हातातला हा खरोखर भक्कम पुरावा आहे आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. पण एक गोष्ट इथे निसटते. त्या क्रिप्ट ज्या द्रवात वाढवल्या त्यात साखर, अमिनो आम्लं आणि वाढीचे घटक भरपूर असतात. म्हणजे उपाशी आतड्याचा तुकडा भरल्या ताटावर बसवला गेला, आणि मग तो बहरला. तो गुण उपवासाचा म्हणायचा, की त्यानंतर मिळालेल्या अन्नाचा?

याचं उत्तर एमआयटीतल्याच ओमर यिल्माझ यांच्या गटाने २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये दिलं. त्यांनी उंदरांचे तीन गट केले: नेहमीसारखं खाणारे, २४ तास उपाशी राहिलेले, आणि २४ तास उपाशी राहून मग २४ तास मनसोक्त खाल्लेले. उपवास चालू असताना मूलपेशींचं विभाजन दबलेलं होतं. अन्न पुन्हा सुरू झाल्यावर ते नेहमीच्या पातळीवर येऊन थांबलं नाही, तिच्याही वर गेलं. कारण असं की, अन्न येताच पेशीतला एमटॉर नावाचा नियंत्रक जागा होतो. अमिनो आम्लं आणि इन्सुलिन दोन्ही आहेत, आता बांधकामाला हरकत नाही, हे ठरवणारी ही यंत्रणा. ती पॉलिअमाइन नावाच्या लहान रेणूंचं उत्पादन वाढवते आणि पॉलिअमाइन प्रथिनांची निर्मिती वाढवतात. एमटॉर औषधाने दाबला किंवा पॉलिअमाइनची वाट अडवली की ही उसळी येत नाही. थोडक्यात, उपवासाने जमीन तयार होते, पण पेरणी आणि उगवण पारण्याच्या दिवशी.

आता कर्करोगाची गोष्ट. त्याच प्रयोगात काही उंदरांच्या मूलपेशींमधलं एपीसी नावाचं जनुक संशोधकांनी मुद्दाम निकामी केलं. हे जनुक पेशींच्या अनिर्बंध वाढीला आवर घालतं. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांची सुरुवात त्यातल्याच बिघाडाने होते. जनुक उपवासानंतर खाण्याच्या काळात निकामी केलं तेव्हा गाठी जास्त झाल्या. उपवासाच्या काळात किंवा नेहमीच्या खाण्यात केलं तेव्हा कमी. हे घाबरवणाऱ्या संदेशाचं मूळ, आणि त्याला काहीच आधार नाही असं म्हणणं लबाडी ठरेल. वेगाने विभागणारी पेशी एखाद्या बिघाडाला जास्त उघडी असते, हे तत्त्व पक्कं आहे. पण या प्रयोगातून ‘एकादशी केली की कॅन्सर’ कसं निघतं? बिघाड उपवासाने केलेला नाही, संशोधकांनी केला. तो नेमका उसळीच्या तासांत केला. आणि तीच उसळी किरणोत्साराने किंवा आजाराने खरवडून निघालेलं अस्तर भरून काढायला उपयोगी पडू शकते. एकाच यंत्रणेचे हे दोन परिणाम आहेत. त्यातला एक उचलून फलक रंगवायचा, हे दोन्ही गट करताहेत.

दुसरा अडथळा मोजमापाचा. उंदराचं २४ तास उपाशी राहणं म्हणजे आपला एक दिवस नव्हे. तेवढ्या वेळात त्याचं वजन दहा टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक घटतं. माणसाच्या यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं आणि ते संपत यायलाच सुमारे एक दिवस लागतो. चरबीपासून बनणारी कीटोन रक्तात ठळकपणे वाढतात ती त्यानंतर. सकाळचा नाश्ता टाळून दुपारी एक ते रात्री नऊ या वेळात जेवणारा घोडबंदर रोडवरचा जिमप्रेमी यापैकी कुठे पोहोचतो? त्याचं वजन कमी होत असेल, साखर आटोक्यात येत असेल, ते फायदे खरे असू शकतात. पण आतड्याच्या मूलपेशींचं नाव त्यासाठी घेऊ नये. माणसात हे पडताळायचं तर उपवासाआधी, उपवासाच्या शेवटी आणि पारण्यानंतर एकाच व्यक्तीच्या आतड्याचे तुकडे दुर्बिणीने काढून तपासावे लागतील. ग्रुपवरच्या संदेशांना इतका खटाटोप लागत नाही.

नोबेलचा दाखलाही असाच ताणलेला. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये पारितोषिक मिळालं ते पेशी स्वतःचेच जुने भाग कसे मोडून वापरतात, त्या ऑटोफॅजीच्या यंत्रणेसाठी. त्यांचं मूळ काम यीस्टवर, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीवर होतं. यीस्टला पोषण तोडलं की ही यंत्रणा जोरात चालते, हे बरोबर. पण माणसाने महिन्यातून दोनदा किती तास काय खाऊ नये, यावर त्यांना पारितोषिक मिळालेलं नाही. परंपरेचा मान राखण्यासाठी जपानी माणसाच्या पदकाची उसनवारी लागावी, हे मला परंपरेच्याच दृष्टीने कमीपणाचं वाटतं. विठ्ठलासाठी एकादशी करणाऱ्या माणसाने मूलपेशींचा हिशेब मांडलेला नसतो, त्याला तो मांडायची गरजही नाही. त्याचा उपवास त्याच्या जागी पूर्ण आहे. अडचण येते ती त्याच उपवासाला कुणी आरोग्याचं प्रमाणपत्र चिकटवतं तेव्हा, कारण मग प्रमाणपत्र तपासावं लागतं.

ते तपासायचं तर ताटात बघायला हवं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट: १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ३५० च्या आसपास कॅलरी आणि एक ग्रॅमहूनही कमी प्रथिनं. एका भरल्या बशीत ७५ ग्रॅम साबुदाणा धरला तर २६० कॅलरी, ३० ग्रॅम दाण्याच्या कुटाच्या १७०, पन्नासेक ग्रॅम बटाट्याच्या चाळीस, चमचाभर म्हणजे १५ ग्रॅम तुपाच्या १३०. बेरीज ६०० च्या घरात. एरवीच्या दोन पोळ्या-भाजीपेक्षा जास्त. वर दोन चमचे साखरेचा चहा तीन वेळा, संध्याकाळी रताळ्याचा कीस नाहीतर बटाट्याचा चिवडा. साबुदाण्याने रक्तातली साखर झपाट्याने चढते, तिच्यामागे इन्सुलिन चढतं, दाण्यांमधून अमिनो आम्लं येतात. एमटॉरला यातून एवढंच कळतं की जेवण चालू आहे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आपल्या आजी-पणजींनी प्रयोगशाळेवाचून टिपलं होतं. भगर आणि दाण्याची आमटी एकदा, मर्यादेत खाल्ली तर ते हलकं जेवण आहे, आणि हलकं जेवण चांगलंच. पण त्यातून आतडं ‘रीसेट’ होतं हा दावा तिथेच संपतो. निर्जळी करणारे, फक्त पाण्यावर राहणारे, अठ्ठाई, म्हणजे आठ दिवसांचा उपवास, करणारे जैन बांधव यांच्यासाठी चर्चा वेगळी होते. रमजानचा रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा असतो. मुंब्य्रातल्या इफ्तारला प्रश्न पुन्हा तोच, की दिवसभराच्या रिकाम्या पोटात पहिल्या अर्ध्या तासात काय आणि किती जातं.

समर्थकांचा आणखी एक मुद्दा असतो आणि तो वरवर पाहता बिनतोड वाटतो: ‘पोटाला विश्रांती मिळते ना, मग झालं.’ रिकाम्या पोटात दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते. उरलंसुरलं अन्न आणि जंतू ती पुढे ढकलते. पोटात गुरगुरतं ते बरंचसं तिच्यामुळे. दर तासाला काहीतरी तोंडात टाकणाऱ्याला ही लाट मिळत नाही, तेव्हा दोन जेवणांमध्ये चार तास मोकळे ठेवा हा सल्ला रास्त आहे. पण या ‘विश्रांती’च्या कल्पनेने इतिहासात माणसं मारली आहेत हे विसरू नये. मुलाला जुलाब लागले की त्याचं खाणंपिणं बंद करायचं, आतड्याला आराम द्यायचा, ही रीत घराघरांत होती आणि दवाखान्यांतही. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. साखरेचा हात धरून मीठ आत जातं आणि मिठामागे पाणी, हे काम आजारी अस्तरही करतं. पुढे हेही स्पष्ट झालं की जुलाबात जेवण आणि अंगावरचं दूध चालू ठेवलेलं मूल लवकर सावरतं, कारण खरवडलेलं अस्तर पुन्हा उभं राहायला आतड्यातूनच अन्न लागतं. शस्त्रक्रियेनंतर ‘वारा सरेपर्यंत काही नाही’ हा नियमही आता मागे पडतोय; अनेक शस्त्रक्रियांनंतर चोवीस तासांच्या आत तोंडाने द्यायला सुरुवात होते. आतड्याला रिकामं ठेवणं म्हणजे जपणं, हे सरसकट खरं असतं तर या दोन्ही सुधारणा घातक ठरायला हव्या होत्या.

दीर्घ उपवासात तर धोका जवळजवळ सगळा पारण्यातच साठलेला असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुटका झालेल्या उपाशी कैद्यांपैकी अनेकजण पोटभर खाऊ लागल्यावर दगावले. अनेक दिवस उपाशी शरीरात फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचे साठे आटलेले असतात, पण रक्ततपासणीत ते ठीक दिसू शकतात. पिष्ट आणि साखर पोटात गेली की इन्सुलिन उसळतं, ते हे क्षार रक्तातून पेशींमध्ये ओढून नेतं आणि रक्तातलं फॉस्फेट एकदम कोसळतं. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात. साखर जाळायला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व लागतं. ते संपलेलं असेल तर गोंधळ आणि भ्रम होतो. म्हणून वैद्यकात नियम असा: पाच दिवसांहून अधिक काळ जवळपास काहीच खाल्लं नसेल तर पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्यापेक्षा जास्त अन्न नको. दहा दिवसांहून अधिक असेल तर किलोमागे दिवसाला १० कॅलरीपासून सुरुवात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६००, आणि चार ते सात दिवसांत हळूहळू वाढ. थायमिन अन्नाच्या आधीपासून, आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज तपासायचं. गांधीजींनी १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमधला २१ दिवसांचा उपवास संत्र्याच्या रसाने सोडला. पर्युषणात आठ दिवसांच्या तपानंतर मुगाचं पाणी देण्याची रीत आहे. थोडं, पातळ, हळूहळू हा अनुभवाचा शहाणपणा दोन्हीकडे दिसतो, आणि परंपरेच्या बाजूने हा मुद्दा नोबेलच्या दाखल्यापेक्षा कितीतरी वजनदार आहे.

मग आपण तो शहाणपणा पाळतो का? नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला जाऊन आलेली, नऊ दिवस पाण्यावर किंवा नुसत्या फळांवर राहिलेली बाई दसऱ्याला दुपारी काय खाते? श्रीखंड-पुरी, बासुंदी-खीर, जिलबी, बटाट्याची भाजी. ‘नऊ दिवस काही खाल्लं नाहीस, आज नाही म्हणू नकोस,’ असा घरच्यांचा प्रेमाचा आग्रह. त्या दिवशी तिच्या विलायांची टोकं झिजलेली असू शकतात, आणि दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज नेमकं त्या टोकांजवळच्या पेशींवर असतं. बासुंदी-खीर न पचता पुढे सरकते, पाणी ओढून घेते आणि संध्याकाळी पोट फुगून जुलाब. मग म्हणायचं, उपवास बाधला.

एक दिवसाच्या, म्हणजे २४ ते ३६ तासांच्या खऱ्या उपवासानंतर निरोगी माणसाने काय करावं, हे पचनाच्या ज्ञानावरून सांगता येतं. उंदरांच्या कर्करोगाच्या प्रयोगाचा त्यात आधार घेऊ नये, कारण तिथे वेगवेगळ्या आहाराची तुलना नव्हतीच. आधी पेलाभर कोमट पाणी. मग वाटीभर भाताची पेज चिमूटभर मीठ घालून, किंवा मुगाचं पातळ कढण. अर्ध्या-पाऊण तासाने मऊ भात, मुगाचं वरण, चमचाभर तूप, लिंबू. नेहमीच्या जेवणाच्या निम्मं. तीन-चार तासांनी पूर्ण जेवण, त्यात उसळ, भाजी, ताक. तळण आणि गोडधोड दुसऱ्या दिवशी. वरण-भाताने द्वादशी सोडणाऱ्या घरांत हे आपोआपच होतं. उपवासाच्या दिवशी डोकं दुखलं म्हणून रिकाम्या पोटी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेणं मात्र कटाक्षाने टाळावं. ज्या संरक्षक द्रव्यांमुळे जठराचं आणि आतड्याचं अस्तर टिकतं त्यांचीच निर्मिती ही औषधं रोखतात. पाणी प्या, चहाची सवय असेल तर थोडा चहा घ्या. बाजारात मिळणाऱ्या स्पर्मिडीनच्या गोळ्याही या चर्चेच्या जोरावर घेऊ नयेत. स्पर्मिडीन हे पॉलिअमाइनच आहे, आणि ते वाढल्याने कुणाच्या आतड्यात काय वाढेल हे आधी पाहायला हवं.

काहींनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करूच नये. ज्यांच्या घरात मोठ्या आतड्यात शेकडो गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, त्यांच्या पेशींत एपीसीची एक प्रत जन्मापासून बिघडलेली असते. उंदरांच्या प्रयोगातला इशारा सर्वांत जास्त लागू होत असेल तर त्यांना. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्या मधुमेह्यांची साखर उपवासात धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांत साखर फारशी न वाढताही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. आणि केमोथेरपी चालू असलेले रुग्ण. देशभरातून माणसं उपचारासाठी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रात येतात, आसपास खोली घेऊन राहतात, आणि ‘कॅन्सरला उपाशी मारा’ हा संदेश त्यांच्याही फोनवर पोहोचतो. केमोची औषधं वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात, म्हणजे गाठीबरोबर क्रिप्टवरही. तोंड येणं, जुलाब, वजन घटणं त्यातूनच येतं. अशा माणसाचं उरलेलं वजन हे त्याचं भांडवल असतं. त्याला उपाशी राहायला सांगणारा नातेवाईक प्रेमानेच सांगत असतो, म्हणूनच त्याला थांबवणं अवघड जातं, आणि म्हणूनच ते करायला हवं.

सामूहिक उपवास भरवणारी मंडळं, संस्था आणि ‘डिटॉक्स’ शिबिरं घेणारी केंद्रं ठाण्यात आणि नवी मुंबईत भरपूर आहेत. त्यांच्या पत्रकांवर उपवासाची तारीख असते, फायदे असतात, कधी त्या नोबेलचा उल्लेखही असतो. पारण्याचा मजकूर तिथे एका ओळीत उरकलेला असतो किंवा नसतोच. पाच दिवसांवरचा उपवास असेल तर आधी डॉक्टरांची तपासणी, चालू औषधांची यादी, पारण्याच्या पहिल्या दोन दिवसांचं निम्म्या आहाराचं वेळापत्रक, थायमिन, तिसऱ्या दिवसापर्यंत रोजची फॉस्फेट-पोटॅशियम-मॅग्नेशियमची रक्ततपासणी, आणि पायाला सूज, धाप, छातीत धडधड किंवा बोलण्यात असंबद्धता दिसली तर ताबडतोब रुग्णालय, एवढं तरी त्या पत्रकावर आयोजकांच्या फोन नंबरच्या वर, ठळक टायपात छापलेलं असावं.